अनाथ नायकाचा लघुपट कोल्हापुरात कसा करावा: नियमांच्या वहीपासून गुऱ्हाळावरच्या शूटिंगपर्यंत

पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी एक वही घ्या आणि तिच्यात फक्त नियम लिहा. नायक ज्या बालगृहात वाढला तिथले, तो जिथे कामाला लागतो तिथले, आणि कुणी न सांगता तो स्वतः पाळतो ते. प्रत्येक नियमापुढे तीन रकाने आखा: हा नियम केला कुणी, पाळल्याने फायदा कुणाचा, मोडला तर किंमत कोण भरतं. तिन्ही रकान्यांत एकच नाव आलं तर त्या नियमातून प्रसंग निघणार नाही, तो खोडून टाका. करणारा एक आणि भरणारा दुसरा, असं जिथे दिसेल तिथे खूण करा. वीस-बावीस मिनिटांच्या लघुपटाला असे तीन नियम पुष्कळ होतात.

एवढी खटपट करण्याचं कारण आहे. अनाथ मुलाच्या कथेत बहुतेक जण आईबापांची उणीव हाच विषय धरतात, आणि मग पावसात भिजणारं पोर, दुसऱ्याची आई बघून भरलेले डोळे असे प्रसंग एकामागून एक येत राहतात. दहाव्या मिनिटाला प्रेक्षकाला पुढचं सगळं कळलेलं असतं. घरातून काही नियम आपोआप न मिळालेल्या मुलाला ते बाहेरच्या माणसांकडून घ्यावे लागतात. यातला कुठला आपला मानायचा, हे एक दिवस त्याला स्वतःच ठरवावं लागतं. पटकथा त्या दिवसाकडे चालत गेली पाहिजे.

जागा: बालगृह आणि गुऱ्हाळ

कोल्हापूर जिल्ह्यात ही कथा बसवायची तर दुसरी जागा गुऱ्हाळाची घ्या. रंकाळ्यावरचा ड्रोन शॉट, तालमीतली लाल माती, महाद्वार रोडची गर्दी यांचा मोह आवरा. ती चित्रं प्रेक्षकाने शंभरदा पाहिली आहेत आणि कथेला ती काही देत नाहीत. गुऱ्हाळावर मात्र माणसांची उतरंड एका नजरेत दिसते. चुलाणात (भट्टीत) चिपाड, म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा, सारणारा जळव्या, चरकावर ऊस घालणारे, मळी (उकळत्या रसावरचा मळ) काढणारे, आणि काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, उभा असलेला गुळव्या. गूळ झाला की नाही हे गुळव्या ठरवतो आणि त्याच्या शब्दावर सगळे हलतात. बालगृहात नियम भिंतीवर लिहिलेले असतात: उठण्याची वेळ, प्रार्थना, भेटीचा वार. गुऱ्हाळावर भिंतीवर काहीच नसतं, तरी कोण कुठे बसणार, आधी चहा कुणाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लिहिलेल्या नियमांतून न लिहिलेल्या नियमांत येणं हाच नायकाचा प्रवास, आणि तो एका संवादाशिवाय नुसत्या चित्रांतून सांगता येतो.

उदाहरणासाठी एक सांगाडा धरू. नायक सदा. बालगृहाच्या अधीक्षकांनी शाळेत नाव घालताना त्याचं वय एका वर्षाने कमी लावलं, कारण अठरा पूर्ण झाली की मुलाला संस्था सोडावी लागते आणि त्यांना त्याची बारावी पुरी करून द्यायची होती. पुढे सदा गुऱ्हाळावर लागतो. तिथले गुळव्या तात्या त्याला हाताशी धरतात, काम शिकवतात, पण गुळाला पिवळा रंग यावा म्हणून रसात मापाबाहेर हायड्रॉस (रंग उजळवणारी गंधकयुक्त पावडर) टाकतात. एकाने मायेपोटी नियम मोडला, दुसऱ्याने बाजारापोटी. दोघांनीही सदाला वाढवलंय. त्याने तात्यांविरुद्ध तोंड उघडलं, तर चौकशीत उलट त्याचाच दाखला खोटा निघण्याची भीती आहे.

हायड्रॉसची बाजू नीट समजून घ्या, नाहीतर तात्या खलनायक होऊन बसतील. शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात (लिलावात) फिकट पिवळ्या गुळाला चढा भाव मिळतो, काळपट गूळ मागे पडतो. शेतकऱ्याला भाव हवा, मालकाला शेतकरी टिकवायचाय, गुळव्याच्या हातात डबा आहे. अन्नसुरक्षेच्या मानकांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७०) आहे. हायड्रॉस सढळ हाताने पडलं की ती ओलांडली जाते. रानभेंडीच्या खोडांचा चिकट रस घालून मळी नीट वर काढली तरी गूळ स्वच्छ होतो, पण त्याला वेळ आणि हात लागतात, आणि रंग तेवढा उजळत नाही. तात्यांच्या तोंडी ही गणितं पूर्ण ताकदीने द्या. प्रेक्षकाला क्षणभर त्यांचं पटलं पाहिजे.

वय आणि कागद यात चूक करू नका

या कथांमध्ये सर्वांत जास्त चुका सरकारी प्रसंगांत होतात. मूळ कायदा २०१५चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम. सापडलेलं मूल बालकल्याण समितीपुढे येतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. हे कोर्ट नाही. काळा कोट, लाकडी पिंजरा, हातोडा यांतलं काही दाखवू नका. समोर मूल बसलेलं असताना साधं टेबल आणि खुर्च्या असतात. दोन वर्षांखालचं टाकलेलं मूल दोन महिन्यांत, त्याहून मोठं चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करण्याची मुदत कायद्यात आहे. दत्तकाचा आदेश न्यायाधीशांकडून घेण्याचा प्रसंग लिहिला असेल तर कथेचं साल तपासा: २०२१ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर हा आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात.

सदाच्या वयाचा धागा कलम ९४ वर उभा राहतो. वयाचा वाद निघाला की आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणजे शाळेतली खोटी तारीखच सर्वांत वरचा पुरावा ठरते. अधीक्षकांनी एकदा लिहिलेला आकडा सदाच्या पाठीशी जन्मभर उभा राहतो, हे पटकथेतलं फार दमदार बळ आहे. ते कुणाच्या तरी लांबलचक संवादात वाया घालवू नका. फॉर्म भरताना पेन थांबलेलं दाखवलं तरी भागतं.

अठरानंतर मुलगा थेट रस्त्यावर येतो असंही दाखवू नका. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय एकवीसपर्यंत आहे, अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत वाढते. ती प्रत्येकाला मिळतेच असं नाही, आणि का मिळाली नाही याचं एका ओळीचं कारण पटकथेत हवं. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, त्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. सदाकडे ते असेल तर तो गुऱ्हाळावर का आला, हा प्रश्न जाणता प्रेक्षक विचारणारच.

“कुणाचा रं तू?”

गावात नव्या माणसाला पहिला प्रश्न हाच येतो, दुसरा “गाव कंचं?” आणि तिसरा आडनावाचा. तिसऱ्या प्रश्नामागे जातीची चौकशी असते हे सगळ्यांना कळतं. बालगृहातल्या मुलाचं आडनाव पुष्कळदा संस्थेत लावलेलं असतं, त्यामुळे त्याचं उत्तर ऐकून समोरच्याला काहीच उलगडत नाही. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, तिथे हा प्रश्न आजही कानावर येतो. प्रसंग तीनदा घ्या, तीन वेगळ्या माणसांच्या तोंडी, आणि दर वेळी सदाचं उत्तर बदला. पहिल्यांदा संस्थेचं नाव, दुसऱ्यांदा गप्प, तिसऱ्यांदा “तात्यांचा”. तिसरं उत्तर कथेत नेमकं कुठे ठेवायचं यावर खूप वेळ द्या. ते हायड्रॉसचं कळण्याआधी आलं तर माया दिसते. नंतर आलं तर त्याला ओझं चढतं. दुसरी जागा जास्त चांगली.

बोलीचंही असंच बघा. बालगृहात अनेक जिल्ह्यांतली मुलं एकत्र वाढतात, तिथलं बोलणं शाळेच्या मराठीकडे झुकतं. सदा सुरुवातीला “मला माहीत नाही” म्हणेल आणि शेवटी “मला काय ठावं न्हाई” म्हणेल. हा बदल हळूहळू व्हायला हवा, म्हणून संवादांची प्रत काढून प्रसंगवार रंगाने खुणा करा, नाहीतर शूटिंगचा क्रम उलटसुलट असल्याने बोली कुठेही उड्या मारते. कोल्हापूरकडच्या कित्येक बायका स्वतःबद्दल “मी आलो”, “मी जेवलो” असंच बोलतात. पुण्या-मुंबईच्या डबिंगवाल्याने ते “दुरुस्त” केलं तर परत मूळ करून घ्या. आणि प्रत्येक वाक्याला “भावा” चिकटवू नका, रीलमधलं कोल्हापूर तेवढ्यानेच दिसायला लागतं.

पात्रनिवड आणि मुलांचे तास

लहानपणीचा सदा आठ-नऊ वर्षांचा आणि मोठा अठराचा असे दोन जण लागतील. दोघांचे चेहरे जुळवत बसू नका. कानांची ठेवण, डावखुरेपणा आणि एक सवय जुळली की प्रेक्षक मानतो. सवय कामाची निवडा, उदाहरणार्थ जेवल्यावर ताटाच्या कडेने बोट फिरवणं. बालगृहात ती भुकेची खूण असते, गुऱ्हाळावर तीच काहिलीच्या काठाची काकवी चाखण्यात उतरते.

खऱ्या बालगृहातल्या मुलाला अनाथाच्या भूमिकेत घेऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुलाला त्याचंच दुःख टेकमागून टेक करायला लावणं क्रूरपणा आहे. अभ्यासासाठी भेट द्यायची तर कॅमेरा न नेता, परवानगी घेऊन जा, आणि मुलांऐवजी काळजीवाहक मावशींशी बोला. बालगृहाचं आतलं दृश्य बंद पडलेल्या शाळेत किंवा मोरेवाडीच्या चित्रनगरीत उभं करता येतं. लोखंडी खाटा, पत्र्याच्या पेट्या, दोरीवर एकाच रंगाचे शर्ट, भिंतीवर वेळापत्रक. एवढ्यात खोली उभी राहते.

बालकलाकारासाठी नियम स्पष्ट आहेत. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची, आणि मुलाच्या मानधनातली किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावावर मुदत ठेवीत टाकायची. पाच तासांत तयारी आणि वाट पाहणंही धरून चाला, म्हणजे हातात साडेतीन तास उरतात. लहान सदाचे प्रसंग त्या हिशोबाने दोन दिवसांत विभागा. पाळण्यात सोडलेल्या बाळाचा प्रसंग असेल तर दुपट्यात गुंडाळलेली बाहुली घ्या. बाल हक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत तीन महिन्यांखालचं बाळ अशा कामाला वापरू नये असंच म्हटलंय, आणि पडद्यावर कपड्याचं वजन आणि मागून टाकलेला आवाज पुरेसा असतो.

लहान मुलाला रडवण्यासाठी खोटी वाईट बातमी सांगण्याची जुनी पद्धत कधीही वापरू नका. त्याला प्रसंग सांगा, संवाद पाठ करायला लावू नका, आणि रडण्याऐवजी काहीतरी करायला द्या: पेटीचं कुलूप उघडत नाहीये, किल्ली वाकडी झालीये. चेहऱ्यावर जे येतं ते रडण्यापेक्षा खरं वाटतं.

गुऱ्हाळावर सहा दिवस

बावीस पानांची पटकथा म्हणजे साधारण बावीस मिनिटं. दिवसाला चार पानांच्या आतच थांबलात तर सहा दिवसांत बसते. हंगाम पावसानंतर सुरू होतो आणि दिवाळी पाडव्याला यार्डात नव्या गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो; शूटिंगसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. पहाटेच्या थंडीत वाफ दाट दिसते, आणि कोवळ्या उन्हाच्या विरुद्ध कॅमेरा लावला तर ती पांढरीशुभ्र उमटते. मालकाशी बोलताना तुमच्यामुळे किती वेळ खोळंबा होईल ते आधी सांगा आणि त्याची भरपाई ठरवा. चालू काहिलीला तुमच्यासाठी थांबता येत नाही.

एका आधणाला (काहिलीभर रसाचा गूळ व्हायला) अडीच ते तीन तास लागतात आणि त्यात प्रत्येक टप्पा एकदाच येतो. रस तापतो, भेंडीचा रस पडतो, मळी वर येते आणि ती काढतात, मग फेस चढतो, १०५-१०६ अंशांच्या आसपास काकवी होते, ११५-११८ अंशांना गूळ उतरवायची वेळ येते. शेवटच्या टप्प्यात गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी वळतो. गोळी झाली की हाक देतो, आणि काहिल ओढून पाक वाफ्यात (निवायच्या उथळ हौदात) ओततात. तिथे रिटेक नाही. म्हणून शूटिंगच्या आदल्या दिवशी एक पूर्ण आधण घड्याळ लावून कॅमेऱ्याशिवाय बघा. शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्याच वेळांवर रुंद शॉट घ्या, दुसऱ्या दिवशी फक्त हात, चेहरे आणि बुडबुडे. संवाद त्यांच्यामध्ये बसवता येतात. फेसाची उंची आणि रसाचा रंग जुळत नसेल तर संकलनात कितीही कापलं तरी उडी दिसते, तेव्हा प्रत्येक शॉटच्या पाटीवर टप्प्याचं नाव लिहा.

सुरक्षेसाठी एका माणसाला दुसरं कुठलंही काम देऊ नका. चरकाच्या पट्ट्याजवळ ओढणी, उपरणं, बूम माइकची लोंबती वायर नको. काहिलीच्या कडेची जमीन काकवीने निसरडी असते. मूल काहिलीपाशी कधीच उभं करायचं नाही. जवळ दिसायला हवं असेल तर लांब लेन्स वापरून अंतर चेपा, किंवा रिकाम्या थंड काहिलीवर वेगळा शॉट घ्या. पाक अंगावर उडाला तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, चिकटलेला कपडा ओढायचा नाही, आणि लगेच दवाखाना. पाण्याचं पिंप भरून ठेवूनच काम सुरू करा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० ठेवा. १/६०वर ट्यूबलाइट लुकलुकते. आयएसओ ८००, एफ ४ धरलं तर भर उन्हात आठ स्टॉपची एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लागते. रात्री चुलाणाच्या तोंडाचा उजेड दोन हजार केल्विनच्या आसपास असतो. कॅमेरा ३२०० वर ठेवलात तर चेहरा तांबूस राहतो. ऑटो व्हाइट बॅलन्स ती ऊब धुऊन टाकतो, तो बंदच ठेवा. थंडीतून आत आल्यावर लेन्सवर बाष्प धरतं, वीस मिनिटं तशीच थांबू द्या. वाफेतली साखर काचेवर चिकट थर धरते, म्हणून पुढे साधा फिल्टर लावा आणि दर तासाला तो कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा.

आवाजाकडे लोक शेवटी बघतात आणि पस्तावतात. चरक चालू असताना संवाद घेऊ नका. हौदात पुरेसा रस जमला की मालकाला दहा मिनिटं चरक थांबवायला सांगा, महत्त्वाचे संवाद त्यातच उरका. बाकी आवाज सुटे भरून घ्या: चरक दोन मिनिटं, चिपाड पेटताना, फावड्याची खरखर, शांत गुऱ्हाळ एक मिनिट. पातळ रस खळखळतो, घट्ट पाक जड पुटपुटतो. हे दोन आवाज वेगळे मिळाले तर प्रेक्षक डोळे मिटूनही टप्पा ओळखतो. पार्श्वसंगीताची गरज निम्मी होते.

निर्णयाचा प्रसंग आणि त्यानंतरचा सौदा

हायड्रॉसचा डबा सदाच्या हातात द्या. तात्या आजारी असोत वा फोनवर, पण आधण सदाच्या जबाबदारीवर हवं. संवाद नको. मळी काढून झाली, डबा उघडा आहे, माणसं वाट बघतायत, काहिल थांबत नाही. त्याने डबा बाजूला ठेवला तर तो का ठेवला हे बोलून दाखवू नका. भेंडीचा रस दुसऱ्यांदा घालून घाम गाळत मळी काढताना दाखवा. मग पाण्यात गोळी वळून पहिल्यांदाच तो “उतरवा” म्हणतो.

इथे फिल्म थांबवण्याची चूक पुष्कळ जण करतात. किंमत दिसायची राहून जाते. दुसऱ्या दिवशीचा सौदा हवाच: त्याच्या ढेपा शेजारच्या पिवळ्या गुळापुढे काळसर दिसतात, बोली खाली येते, शेतकरी तात्यांकडे बघतो, तात्या सदाकडे. यार्डात शूटिंगसाठी बाजार समितीची परवानगी घ्या, खऱ्या सौद्यात अडथळा न आणता एका कोपऱ्यातून रुंद शॉट मिळवा, आणि बोलीचा जवळचा भाग सौदे संपल्यावर आपल्या माणसांसह करा. कागदाचा धागाही इथेच परत आणता येतो: पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) नाव लिहिताना कारकून वय नाही, पण आडनाव विचारतोच.

प्रदर्शनाआधी

तंबाखू मळणारा किंवा बिडी ओढणारा कामगार फ्रेममध्ये आला तर चित्रपटगृहातल्या प्रदर्शनासाठी आरोग्य-इशाऱ्याच्या अटी लागू होतात. कथेला गरज नसेल तर कच्च्या संकलनातच ते शॉट काढा. बैलगाडी किंवा कुत्रं वापरलं असेल तर प्राणी कल्याण मंडळाची कागदपत्रं शूटिंगआधीच हवीत, नंतर ती मिळवताना सेन्सॉरचं प्रमाणपत्र अडकतं. श्रेयनामावलीत गुऱ्हाळावरच्या प्रत्येकाचं नाव त्याला विचारून, त्याने सांगितलेल्या अक्षरांत घाला. बालकलाकारांच्या शाळेचं नाव मात्र कुठेही देऊ नका.